रोटाच्या डब्यातल्या अकरा सीडी

किस्से जमवायला मी काही दुकान काढलं नव्हतं. जळगावात एका इमारतीत पहिल्या मजल्यावर गाळा, खाली झेरॉक्सवाला, वर मी आणि माझा भागीदार प्रदीप. बोर्डावर 'कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती'. पुढे विक्री मोबाईलने खाल्ली, दुरुस्ती ऑनलाइनवाल्यांनी खाल्ली, आणि माझ्याकडे उरले ते किस्से. माळ्यावर पडलेल्या जुन्या कीबोर्डांसारखे. टाकवतही नाहीत आणि कोणी विकतही घेत नाही!

त्यातला सगळ्यात मोठा ढीग एकाच आजाराचा आहे. घरी राइट केलेली बॅकअपची सीडी! सीडीवर ओरखडा नसतो, फायलींची नावं दिसतात, आणि उघडायला गेलं की स्क्रीनवर पाटी येते, 'परवानगी नाही'. माणूस घाबरतो, मग चिडतो, मग माझ्याकडे येतो.

ही साथ खानदेशात कोणी पसरवली, हे मी गिऱ्हाइकांना कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. मीच!

* * *

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही गिऱ्हाइकांसाठी एक कार्यशाळा घेतली होती. विषय, 'घरच्या घरी बॅकअप'. तेव्हा प्रदीपच्या डोक्यात फुकटच्या लिनक्सचं वेड होतं. जो येईल त्याच्या कॉम्प्युटरवर तो लिनक्स टाकून द्यायचा. तो मूळचा धुळ्याचा, त्यामुळे धुळ्यापासून सावद्यापर्यंत आमची कृपा पसरलेली.

सीडी राइट करताना एक चौकट यायची, 'परवानग्या जशाच्या तशा ठेवा'. मी फळ्यावर मोठ्ठी चौकट काढली आणि त्यात टिक केली. म्हटलं, "ही टिक विसरायची नाही. प्रत्येक फाईलला एक मालक असतो, मग त्याचे घरचे, मग बाहेरचे. कोणी बघायचं हे मालक ठरवतो. टिक केली की सीडीही ते लक्षात ठेवते. आपली फाईल दुसऱ्याला दिसत नाही!"

चाळीस जणांनी वहीत टिक काढली. माझा अभिमान तर विचारू नका.

मागच्या रांगेत नाना बसले होते. रिटायर्ड हेडमास्तर, मूळ धुळ्याकडच्या खेड्यातले, राहायला जळगावात. त्यांनी हात वर केला. "मॅडम, आणि आपल्यालाच नाही दिसली तर?"

सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसले.

* * *

हे आत्ताच सांगायचं कारण, ह्या श्रावणात नानांच्या घरून डबा आला.

नाना दोन वर्षांपूर्वी गेले. डबा घेऊन आल्या त्या त्यांच्या पत्नी, सिंधूअक्का, आणि मुलगा विलास. स्टीलचा मोठा, कडीचा डबा. आत अकरा सीडी आणि नानांची एक वही. सीडींवर कानबाईची गाणी. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशाची देवी, श्रावणातल्या रविवारी घरात बसते आणि सोमवारी निरोप घेते. रात्रभर बायका गाणी म्हणतात. अक्कांच्या घरची गाणी त्यांच्या सासूकडून आलेली, ती कुठल्या पुस्तकात नाहीत. नानांनी ती वर्षानुवर्षं रेकॉर्ड करून सीडीवर ठेवली. गेल्या वर्षी अक्कांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता त्या बोलतात, गात नाहीत. सुनेला गाणी येत नाहीत. म्हणजे कानबाईची गाणी जी काय उरली ती त्या डब्यात, आणि रविवारला चार दिवस!

मी एक सीडी घातली. 'परवानगी नाही.'

"उघडेल ना?" विलास म्हणाला.

"उघडेल," मी म्हटलं. उघडण्याचा प्रश्नच नव्हता. दुकानाच्या मशीनवर माझ्याकडे मुख्य पासवर्ड असतो, त्याच्यापुढे कुठल्याही मालकाचं काही चालत नाही. फाईल कॉपी करायची, मालक बदलायचा. दोन मिनिटांचं काम. मी ते अर्धा तास करते, कारण दोन मिनिटांत झालेल्या कामावर जळगावात कोणी विश्वास ठेवत नाही.

पण विलास पुढे म्हणाला, "कॉपी फक्त मला द्या. रेखाताईचा फोन आला तर तिला देऊ नका. ती धुळ्यात सगळ्यांना मोबाईलवर वाटत बसेल. आमच्या घरची कानबाई घरातच बरी."

संध्याकाळी रेखाचा फोन आलाच. नानांची थोरली, सासर धुळ्याला. "मॅडम, एक कॉपी मला द्या हो. त्यात माझाही आवाज आहे."

मी दोघांनाही म्हटलं, बघते. आणि डबा कपाटात ठेवला. दोन मिनिटांच्या कामाला मी चार दिवस कधी लावले नव्हते.

* * *

कपाटाशेजारच्या भिंतीवर आमच्याकडे एक स्टॅम्पपेपर फ्रेम करून लावलेला आहे. तो सावद्याच्या किशोरभाऊंचा.

किशोरभाऊ केळीचे व्यापारी. नवा कॉम्प्युटर घेतला, जुनी सीडी घातली आणि पाटी बघून भडकले. मला फोन. "सीडी माझी, घर माझं, लाइटबिल मी भरतो, आणि परवानगी कोणाची?"

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही मालक आहात हे मशीनला पटलेलं नाही. या इकडे, पटवू."

दुसऱ्या दिवशी आले ते नोटरी करून! स्टॅम्पपेपरवर लिहिलेलं, 'सदर सीडी माझ्या मालकीची असून तीवर कोणाचाही हक्क, हितसंबंध अथवा बोजा नाही.' खाली सही, फोटो, दोन साक्षीदार.

आता एवढं केलंय माणसाने, तर मान राखायला नको? मी तो कागद स्क्रीनसमोर धरला. मनात दहा मोजले. मग पासवर्ड टाकला. फायली उघडल्या.

किशोरभाऊ गंभीरपणे म्हणाले, "बघा. कागद पक्का असला की मशीनही ऐकतं."

त्यानंतरच्या महिन्यात सावद्याहून तिघं आले. तिघांच्याही हातात स्टॅम्पपेपर!

* * *

यावलचे मधुकरभाऊ त्याहून पुढचे. त्यांच्याकडे केळीची बाग. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की सीडी अडकली की केळीच्या सालीने घासायची. साल तर घरचीच! माणसाने सीडी अशी घासली होती की माझ्या हातातून निसटली.

"भाऊ, हिला ओरखडा नाहीये. ही आडमुठी आहे. परवानगी देत नाही."

"मग काय, चारही बाजूंनी घासली मी!"

मी सीडी साबणाने धुतली, पुसली, मशीनमध्ये घातली, मालक बदलला. लग्नाचा अल्बम उघडला. मधुकरभाऊंनी स्वतःचा वीस वर्षांपूर्वीचा फोटो डोळे भरून बघितला आणि म्हणाले, "साल लागू पडते. जरा वेळ घेते एवढंच."

प्रदीप समजावायला निघाला होता, मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. पुढच्या आठवड्यात मधुकरभाऊ एस.टी.ने अख्खा घड घेऊन आले. म्हणाले, "बाकीच्यांच्या सीडींसाठी!"

* * *

वधू-वर सूचक केंद्र चालवणारे आबा आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा आजार थोडा वेगळा. त्यांच्या फायली उघडायच्या, पण सीडीवरून कॉम्प्युटरवर घेतल्या की फक्त वाचण्यापुरत्या. बदल केला तर सेव्ह होत नाही. आबा दर वर्षी प्रत्येक मुलीच्या वयात एक मिळवायचे, सेव्ह दाबायचे, मशीन नाही म्हणायचं, आबा चष्मा न लावता ओके दाबायचे.

पाच वर्षं! फैजपूरची एक मुलगी पाच वर्षं चोवीसचीच होती.

स्थळ बघणाऱ्या एका मुलाच्या चौकस आईने हिशेब लावला तेव्हा आबा धावत माझ्याकडे आले. मी सगळ्या फायलींचं कुलूप काढून दिलं. आबांनी एका दुपारी बसून सगळ्यांची वयं दुरुस्त केली.

आठवडाभरात मला दोन वडिलांचे फोन आले. दोघांचं म्हणणं एकच. "मॅडम, चांगलं चाललं होतं ना!"

* * *

ह्या सगळ्यात एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. सीडी मालकाचं नाव लक्षात ठेवत नाही, नंबर ठेवते. कॉम्प्युटरवर जो पहिलं खातं काढतो तो हजार नंबर. दुसरा हजार एक. नव्या कॉम्प्युटरवर सीडी घातली की ती नंबर बघते. हजार नंबरच्या जागी कोण बसलाय, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

हे कळलं ते प्रदीपच्या धुळ्याच्या शेजाऱ्यांमुळे. रिटायर्ड पोस्टमास्तर, सगळे त्यांना दादा म्हणतात. दादांना कॉम्प्युटरवर डायरी लिहायची सवय. डायरीत काय, तर सुनेच्या रोजच्या भाजीला दहापैकी मार्क! 'वांगी, चार. मीठ विसरली.' 'शेवभाजी, तीन. आईच्या हाताला तीळ आणि सुकं खोबरं भाजून घालायची सवय होती, हिला कोण सांगणार.' वर्षभराची डायरी झाली की सीडी. टिक करून!

नवा कॉम्प्युटर घरात आला तो सून स्नेहलने घेतलेला. पहिलं खातं तिचं. एके दिवशी दादांची सीडी तिने सहज आत घातली, आणि सीडीने तिला मालक समजून सगळं उघडून दिलं.

तिने सगळं वाचलं. दुसऱ्या दिवशी दादांच्या ताटात शेवभाजी पडली. तीळ, सुकं खोबरं, सगळं भाजून. दादा दोन वाट्या जेवले, तिसरी मागितली.

स्नेहलने वाढता वाढता विचारलं, "दादा, आज किती मार्क?"

* * *

शुक्रवारी अक्का एकट्याच दुकानात आल्या. एक एक पायरी चढून वर येईपर्यंत त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं, डबा कपाटातून काढून समोर ठेवला. त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "काय शे त्या सीडीमां? इतला दिन कसाले लागतस?"

सीडीत काय अडलंय ते मी त्यांना समजावलं. मालक, घरचे, बाहेरचे. कोण बघू शकतं, कोण नाही. चाळीस सुशिक्षित माणसांना जे दोन तासांत कळलं नव्हतं ते अक्कांना अर्ध्या मिनिटात कळलं.

"म्हंजे कानबाईना रोटसारखं शे," त्या म्हणाल्या. "घरना बठ्ठा खातस. बाहेरनाले भेटस नही."

रोट म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्या. घरातल्या माणसागणिक मुठी मोजून गहू घेतात, त्याच्या त्या करतात. खायच्या फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी. एक तुकडासुद्धा घराबाहेर जाऊ देत नाहीत.

"आणि रेखा?" मी विचारलं.

"लगीन व्हयनं म्हंजे बाहेरनी," अक्का म्हणाल्या. मग पदराच्या टोकाने डब्याची कडी पुसत बसल्या. हा डबा रोटांचाच होता. नानांनी सीडी ठेवायला मागून घेतला होता.

अक्का गेल्यावर मी पहिल्यांदा नानांची वही उघडली. पहिल्याच पानावर माझी कार्यशाळा. तारीख, वार, हेडमास्तरांचं वळणदार अक्षर. 'मॅडम म्हणाल्या, टिक करणे.' शेजारी व्यवस्थित चौकट, चौकटीत टिक. त्याच्याखाली, 'प्रश्न: आपल्यालाच नाही दिसली तर? (मॅडम हसल्या.)'

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू?

पुढच्या पानावर घरच्या कॉम्प्युटरची नोंद होती. '१०००, स्वतः. १००१, चि. रेखा.'

मी उठून सीडी मशीनमध्ये घातली आणि मालकाचा नंबर बघितला. मग दुसरी घातली. मग अकराच्या अकरा. सगळीकडे हजार एक! रेकॉर्ड करणारे नाना, गाणाऱ्या अक्का. पण राइट करायला बसायची ती रेखा. कॉलेजात होती तेव्हापासून लग्न होईपर्यंत, स्वतःच्या खात्यातून.

* * *

शनिवारी सकाळी विलास नवा लॅपटॉप घेऊन आला. सोबत अक्का. मी सरळ सांगितलं, "विलासभाऊ, ह्या सीडींचे मालक तुम्ही नाही. नानाही नाहीत. रेखा आहे. तिला बोलवावं लागेल."

"पण तुम्ही तर दोन मिनिटांत उघडून देता! अख्खं सावदा सांगतं!"

"ह्या नाही उघडत."

"मी लिहून देतो ना. स्टॅम्पवर देतो."

"स्टॅम्पवर आणलं तरी नाही."

मागे प्रदीप बसला होता. त्याला सगळं माहीत होतं. मुख्य पासवर्ड त्यानेच ठेवलेला. त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा मला दुरुस्त केलं नाही. उलट म्हणाला, "अवघड आजार शे हा, भाऊ. मालकच लागतो."

विलासने खिडकीशी जाऊन फोन लावला. आम्हाला एवढंच ऐकू आलं, "ताई, येतेस का गं?"

रेखा दुपारच्या एस.टी.ने आली. मी लॅपटॉपवर दोन खाती काढली. आधी विलासचं, मग रेखाचं, हजार एक. बाहेरून लावायच्या ड्राइव्हमध्ये पहिली सीडी घातली आणि रेखाला म्हटलं, दाब.

आधी पंख्याचा आवाज आला. मग नाना खोकले. मग त्यांचा आवाज, "रेखा, लाल बटण दाबलं का? विल्या, तू जरा गप बस." मग अक्कांचा आवाज, भरलेला, ऑपरेशनच्या कितीतरी आधीचा, आणि त्याच्या मागून पोरगेला दुसरा. विलास टेबलाचा काठ धरून उभा होता. नानांनी 'विल्या' म्हटलं तेव्हा त्याने मान फिरवली. अक्कांचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता.

गाणं संपल्यावर मी रेखाला विचारलं, "कॉपी करते. कोणाकोणाला द्यायची? टिक ठेवायची का?"

तिने विलासकडे बघितलं. विलास जमिनीकडे बघत होता.

"बठ्ठासले द्या," रेखा म्हणाली. म्हणजे सगळ्यांना. "टिक काढून टाका, मॅडम."

मी टिक काढली. अक्का माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. चौकट कुठे आहे ते त्यांनी बोट लावून विचारून घेतलं.

* * *

रविवारी त्यांच्याकडे कानबाई बसली. सोमवारी विसर्जन झालं. मंगळवारी सकाळी रेखा धुळ्याला परत जाताना दुकानात आली. हातात तोच स्टीलचा डबा. मला वाटलं, एखादी सीडी राहिली.

तिने डबा टेबलावर ठेवला आणि कडी काढली. आत फडक्यात बांधलेले रोट होते.

मी डब्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "अगं, हे घराबाहेर कसं? विलासभाऊंना माहितीय?"

"त्यानेच बांधून दिले." रेखाने एक रोट काढून माझ्या हातावर ठेवला. "आणि हा तुमचा. आईने निरोप दिलाय."

"काय?"

"म्हणाली, मॅडमले सांगजो, मी बी टिक काढी टाकी."